नववीचे वर्ष संपताना: नऊ उपक्रम, एकही पदक नाही आणि दहावीची आखणी

ताई, आपले सविस्तर पत्र मिळाले. त्यातला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. आपली मुलगी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये यंदा फ्रेशमन, म्हणजे नववीत होती. वर्षभरात तिने नऊ उपक्रम केले: क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याच्या धावण्याचा सांघिक खेळ), शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, सायन्स ऑलिम्पियाड (विज्ञानाची सांघिक स्पर्धा), डिबेट (वादविवाद), की क्लब (समाजसेवेचा), मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल), मॅथ क्लब, शाळेबाहेर भरतनाट्यम आणि रविवारी मराठी शाळेत लहान मुलांच्या वर्गाला मदत. जून उजाडला तेव्हा हाती सहभागाची चार प्रमाणपत्रे आहेत, पदक एकही नाही. ओळखीतल्या एका मुलाने याच वर्षी स्वतःची धर्मादाय संस्था काढली आहे आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात रोज कोणाचे ना कोणाचे अभिनंदन चालू आहे. तेव्हा हे वर्ष वाया गेले का, आणि पुढच्या सोफोमोर, म्हणजे दहावीच्या, वर्षात काय केले म्हणजे ते भरून निघेल, असे आपण विचारले आहे.

याच राज्यात मी २१ वर्षे हायस्कूल काउन्सेलर म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून पहिले उत्तर देतो: वर्ष वाया गेलेले नाही, त्यामुळे भरून काढण्यासारखेही काही नाही. नववीत खूप गोष्टी करून पाहाव्यात हे ठीकच असते. दहावीत मात्र त्यांतल्या बऱ्याच सोडून द्याव्या लागतात, आणि आमच्या मराठी घरांना नेमके तेच जड जाते. ‘सुरू केले आहे ना, मग आता तडीस ने’ हा आपला संस्कार चांगला आहे. पण तो नऊ गोष्टींना एकाच वेळी लावला की कशातच तड लागत नाही.

आधी वेळेचा हिशोब मांडू, कारण पालकांशी बोलताना मला तोच सर्वांत उपयोगी पडतो. आठवड्याचे तास १६८. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना अमेरिकेतले निद्रातज्ज्ञ ८ ते १० तास झोप सांगतात. आपण खालचा आकडा धरला तरी ५६ तास गेले. शाळेचे रोज ७ प्रमाणे ३५, बसमध्ये जाण्यायेण्याचे ५, गृहपाठाचे रोज दोन धरून १४, आणि जेवणखाण, आंघोळ, घरातली थोडीफार कामे यांचे रोज ३ प्रमाणे २१. उरले ३७. आता शरद ऋतूतला तिचा आठवडा पाहा. क्रॉस-कंट्रीचा सराव सहा दिवस अडीच-अडीच तास म्हणजे १५, व्हायोलिनचा रियाज ४, नृत्य ४, मराठी शाळा ३, आणि उरलेल्या पाच क्लबांचे दीड-दीड तास म्हणजे साडेसात. बेरीज साडेतेहतीस. तिच्या वाट्याला उरले दिवसाला अर्धा तास. त्यातच मैत्रिणींशी बोलणे, खिडकीबाहेर बघत बसणे, आजीशी फोन आणि आजारपण. मला आश्चर्य वाटते ते हे की ती एवढे करून ठीक आहे. आणि क्लबचे दीड तास म्हणजे केवळ बैठकीला हजेरी. काही घडवायचे तर बैठकीबाहेरचे तास लागतात आणि ते या वेळापत्रकात कुठेच नाहीत. पदक का आले नाही याचे उत्तर या बेरजेतच आहे. तिच्या कुवतीवर शंका घेण्याचे काही कारण नाही.

आता अर्ज प्रत्यक्षात काय विचारतो ते पाहू, कारण सगळी धावपळ शेवटी त्या अर्जाच्या भीतीने चाललेली असते. पुष्कळ महाविद्यालये स्वीकारतात त्या कॉमन अ‍ॅप या सामायिक प्रवेशअर्जात उपक्रमांसाठी १० जागा असतात आणि सन्मानांसाठी वेगळ्या ५. प्रत्येक उपक्रमाचे वर्णन १५० अक्षरचिन्हांत बसवायचे असते, म्हणजे एक बऱ्यापैकी वाक्य. शिवाय कोणत्या इयत्तांत केले, आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे, हेही भरायचे असते. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे. तिथे उपक्रमांच्या जागा अवघ्या ४ आहेत. २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने ‘टर्निंग द टाइड’ नावाचा अहवाल काढला आणि अनेक नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेशप्रमुखांनी त्याला पाठिंबा दिला. दोन-तीन भरीव उपक्रमांपेक्षा अधिक दाखवण्याचे दडपण विद्यार्थ्यांवर असू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. अहवाल निघाल्यावर शर्यत थांबली असे मी म्हणणार नाही. पण दहा जागा भरल्याच पाहिजेत हा नियम कोणत्याही महाविद्यालयाने केलेला नाही. तो आपण पालकांनी आपापसांत केला आहे.

आपल्या पत्रातली एक ओळ मला इथे परत वाचावीशी वाटते. मराठी शाळेविषयी आपण फारसे काही लिहिले नाही. जाता जाता एवढेच लिहिले आहे की वर्गातल्या सहा वर्षांच्या एका मुलाला ‘ळ’ म्हणता येत नव्हता, तो ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणायचा, आणि मुलीने त्याच्यासाठी पत्ते तयार केले: बाळ, केळे, डोळा, माळ, पोळी. प्रत्येकावर चित्र, आणि ‘ळ’ तेवढा लाल शाईने. जेवणाच्या टेबलावर ते पत्ते पसरलेले असत म्हणून आपण तिला रागावलात, असेही लिहिले आहे. ताई, नऊ उपक्रमांच्या या यादीत माझ्यासारखा माणूस पेन्सिलीने खूण कुठे करील, तर ती इथे. तिला हे कोणी सांगितले नव्हते. अडचण तिने पाहिली, उपाय तिने शोधला, आणि (आपण लिहिलेले नाही, पण मी पैज लावतो) पहिल्या पत्त्यांत काहीतरी चुकले म्हणून दुसरे केले असतील. तो मुलगा अखेर ‘बाळ’ म्हणाला का, हे तिला जरूर विचारा. आणि म्हणाला नसेल, तर मग तिने पुढे काय केले, हेही विचारा.

हेच सूत्र पकडून उरलेल्या आठ गोष्टींकडे बघू. क्रॉस-कंट्री ठेवा. ती शर्यतीत मागून पाचवी-सहावी आली याची आपल्याला खंत आहे, मला नाही. बहुतेक शाळांत क्रॉस-कंट्रीच्या संघातून कोणाला वगळत नाहीत. मागचे जेव्हीत, म्हणजे दुय्यम संघात, धावतात, पुढचे व्हर्सिटीत, म्हणजे मुख्य संघात, पण सराव एकाच मैदानावर होतो. आणि या खेळात घड्याळ खरे बोलते. पाच किलोमीटरला सप्टेंबरात किती मिनिटे लागली आणि नोव्हेंबरात किती, हे दोन आकडे लिहून ठेवा. ‘संघाची सदस्य, सरावाला नियमित हजर, स्पर्धांत सहभाग’ हे वर्णन दीडशे अक्षरांत बसते, पण ते कोणाचेही असू शकते. ‘२९:४० पासून २५:५० पर्यंत; दुसऱ्या वर्षी सहा नव्या मुलींच्या उन्हाळी सरावाचे वेळापत्रक बनवले’ हे एकीचेच असू शकते. (आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत.) यात पदक कुठेच नाही, हे ध्यानात घ्या.

ऑर्केस्ट्रा हा शाळेच्या तासिकेतला विषय आहे, तो वेळापत्रकातून फार काही मागत नाही. आपल्या घरात तो सोडून त्या जागी एखादा ‘वजनदार’ विषय घेण्याचा विचार चालू आहे असे दिसते. मुलीला वाजवायला आवडत असेल तर मी तो सोडणार नाही. भरतनाट्यमचा निर्णय तिचा आणि तिच्या गुरूंचा. अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला पूर्ण एकल कार्यक्रम, करायचे म्हणून शेवटची दोन वर्षे दाबून नाचणारी आणि नंतर घुंगरांना हात न लावणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

उरले पाच क्लब. त्यांतला एक ठेवा, फार तर दोन. बाकीचे दहावीत बंद. सायन्स ऑलिम्पियाड आणि गणित यांच्याबद्दल निर्णय घेताना मात्र दोन नियम माहीत असावेत, कारण ते थेट नववी-दहावीच्या मुलांच्या बाजूचे आहेत. सायन्स ऑलिम्पियाडच्या हायस्कूल गटात संघ १५ जणांचा असतो आणि त्यात बारावीचे विद्यार्थी जास्तीत जास्त ७ घेता येतात. म्हणजे निम्म्याहून अधिक संघ खालच्या वर्गांतून उभा करणे शाळेला भागच असते. २३ स्पर्धाप्रकार असतात. त्यांतले जे फार कोणी मागत नाही, समजा भूविज्ञानाचे किंवा हाताने उपकरण बांधण्याचे, ते दोन निवडून मुलगी वर्षभर त्यांवर बसली तर दहावीत तिला मुख्य संघात जागा मिळण्याची शक्यता चांगली असते. मुले सहसा उलट करतात: सगळ्यांना हवा असलेला जीवशास्त्राचा प्रकार मागतात आणि तीन वर्षे राखीव संघात काढतात.

गणिताचे म्हणाल तर एएमसी १० ही गणिताची देशव्यापी स्पर्धापरीक्षा दहावीपर्यंतच देता येते. ७५ मिनिटांत २५ प्रश्न, बरोबर उत्तराला ६ गुण, कोऱ्या प्रश्नाला दीड, चुकीच्याला शून्य. ती नोव्हेंबरात होते आणि वरच्या गुणांच्या मुलांना पुढे एआयएमई या अधिक कठीण परीक्षेला बोलावतात. अकरावीपासून एएमसी १२ द्यावी लागते, तिचा अभ्यासक्रम मोठा. तिला कोड्यांची आवड असेल तर येत्या नोव्हेंबरची संधी या अर्थाने शेवटची आहे. पण मॅथ क्लबला ती केवळ मैत्रीण जाते म्हणून जात असेल, आणि आपल्या पत्रावरून मला तसे वाटते, तर मैत्रिणीला भेटायला दुसरी जागा शोधलेली बरी.

डिबेटविषयी मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या थोरल्या मुलाला मी दोन वर्षे डिबेटला घातले. तो मुखदुर्बळ आहे, बोलायला शिकेल, असा माझा हिशोब. शनिवारी पहाटे सहाला शाळेच्या पार्किंगमध्ये त्याला सोडायचे आणि रात्री आठला आणायचे. येताना गाडीत तो एक शब्द बोलत नसे, आणि मी त्याला थकवा समजत असे. अकरावीत त्याने मला न विचारता क्लब सोडला आणि शाळेच्या नाटकाच्या प्रकाशयोजनेत गेला. पहिल्या प्रयोगानंतर घरी येताना तो पाऊण तास, अगदी घराच्या दारात उभे राहूनही, दिव्यांच्या डिमरबद्दल बोलत होता. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना सल्ला देणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीतले मौन दोन वर्षे ऐकू आले नाही. तेव्हा आपली मुलगी स्पर्धेहून परत येताना गाडीत काय बोलते, आणि बोलते का, याकडे लक्ष द्या. मी आता पालकांना विचारतो तो पहिला प्रश्न हाच असतो.

की क्लब आणि मॉडेल यूएन यांत वाईट काही नाही. पण पहिल्यात तिचे सेवेचे तास सुट्या सुट्या कामांत विखुरले आहेत (एकदा अन्नछत्र, एकदा पाने गोळा करणे, एकदा धावण्याच्या स्पर्धेत पाणीवाटप), आणि मराठी शाळेत तेच तास एका ठिकाणी, वर्षभर, त्याच मुलांबरोबर गेले आहेत. न्यू जर्सीत सेवेच्या तासांची राज्याकडून सक्ती नाही. मेरीलँडमध्ये हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी ७५ तास लागतात, तिथे राहत असतो तर वेगळा हिशोब मांडला असता. आपल्या शालेय जिल्ह्याची स्वतंत्र अट असेल तर ती काउन्सेलरला विचारून घ्या आणि मराठी शाळेचे तास मुख्याध्यापकांच्या सहीने नोंदवून ठेवा.

मराठी शाळेचा आणखी एक धागा आहे. सील ऑफ बायलिटरसी नावाची एक मान्यता आहे. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून ती सुरू केली आणि पुढे ती न्यू जर्सीसह देशभर पसरली. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत वाचणे, लिहिणे, बोलणे आणि ऐकून समजणे यांत ठरावीक पातळी दाखवली की ती मिळते. ती हायस्कूल संपताना मिळते खरी, पण तयारी आत्ताच व्हावी, कारण आपल्या मुलांचे बोलणे आणि समजणे पुढे असते, लिहिणे फार मागे. जी मुलगी सहा वर्षांच्या मुलाला ‘ळ’ शिकवते तिला स्वतःला एक परिच्छेद ऱ्हस्व-दीर्घासह लिहिता येतो का, हे प्रामाणिकपणे पाहा. मराठीसाठी कोणती परीक्षा ग्राह्य धरतात हे शाळेच्या जागतिक भाषा विभागाच्या पर्यवेक्षकांना विचारावे लागेल; विचारणारे पहिले पालक आपणच असाल तर थोडा पाठपुरावा करावा लागेल.

आता ज्या गोष्टींची घाई करू नये त्यांच्याविषयी लिहितो. आपण पीएसएटीचा, म्हणजे एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या पूर्वपरीक्षेचा, उल्लेख केला आहे. नववीत किंवा दहावीत दिलेली पीएसएटी सरावापुरती असते. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी सर्वसाधारणपणे अकरावीच्या ऑक्टोबरातलाच गुणांक धरतात. त्यामुळे यंदाच्या गुणांवरून घरात शोक करण्याचे कारण नाही आणि आनंदोत्सवाचेही नाही. नॅशनल ऑनर सोसायटी, ही गुणी विद्यार्थ्यांची देशव्यापी संस्था जी १९२१ पासून चालू आहे, तिचे सदस्यत्व नववीत मिळतच नाही. नियमाने ते दहावीपासून, किमान ३.० सरासरीवर, आणि प्रत्येक शाळेची शाखा ही अट वर नेऊ शकते. पुष्कळ शाळा अकरावीतच निवड करतात. तेव्हा ‘तिला अजून बोलावले कसे नाही’ हा प्रश्न येथेच मिटतो.

उन्हाळ्यात टपालाने येणाऱ्या जाड पाकिटांबद्दलही बोलले पाहिजे. सोनेरी शिक्का, ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ अशी भाषा, आठवडाभराचा नेतृत्वाचा कार्यक्रम, आणि शेवटच्या पानावर काही हजार डॉलरचे शुल्क. मुलांची नावे आणि पत्ते अशा कंपन्यांकडे प्रश्नावल्यांमधून गेलेले असतात. निवड कशाचीच झालेली नसते. मुलीला एखाद्या विद्यापीठाच्या आवारात आठवडा घालवायची हौस असेल आणि आपल्याला परवडत असेल तर सहल म्हणून जरूर पाठवा, पण सन्मानाच्या पाच जागांपैकी एकीतही ते लिहू नका. वाचणाऱ्याला ती नावे पाठ असतात.

त्या ओळखीच्या मुलाच्या धर्मादाय संस्थेविषयी मी काही बोलणे योग्य नव्हे. ती खरोखर काम करीत असेल. एकूण अनुभव मात्र असा आहे की चौदा वर्षांच्या मुलाच्या नावाने निघालेल्या संस्थेची कागदपत्रे वडील भरतात, संकेतस्थळ काका करतो, देणग्या मंडळातले लोक देतात, आणि बारावीच्या जानेवारीनंतर ती संस्था कोणाला दिसत नाही. त्यापेक्षा चालू असलेल्या मराठी शाळेत एक वर्ग नीट उभा करणे कठीण आहे आणि त्याचा उपयोगही अधिक आहे. तिथे आधीच माणसे आहेत, त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते, आणि कोणीतरी ‘असे आमच्याकडे करत नाहीत’ असे म्हणते, तेव्हा पुढे काय करायचे हे शिकावे लागते.

उपक्रमांच्या नादात एक गोष्ट निसटू नये: नववीचे गुण ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे महाविद्यालयांना जाणाऱ्या गुणपत्रकावर, राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ आपली सरासरी काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे विषय धरते. तिथे नववीची श्रेणी सरासरीत येत नाही, पण तो विषय पूर्ण झाला की नाही हे पाहतातच. इतर बहुतेक ठिकाणी चारही वर्षे दिसतात, आणि आपल्याकडच्या रटगर्स विद्यापीठाला तर विद्यार्थ्याने स्वतः आपले सगळे विषय आणि श्रेणी भरून द्याव्या लागतात. मुलीला शेवटच्या तिमाहीत जीवशास्त्रात बी-उणे मिळाला असे आपण कंसात लिहिले आहे. ते कंसातून बाहेर काढा. मे महिन्यात तीन क्लबांच्या अखेरच्या स्पर्धा, नृत्याचा वार्षिक कार्यक्रम आणि जीवशास्त्राची परीक्षा एकाच पंधरवड्यात आली होती हेही आपणच लिहिले आहे. क्लब कमी करण्यासाठी मला याहून वेगळे कारण द्यावे लागू नये.

विषयांच्या निवडीचे मात्र लवकर ठरते. पुढच्या वर्षाचे अर्ज साधारण फेब्रुवारीत भरून झालेले असतात. तिने नववीत जॉमेट्री केली आहे, म्हणजे दहावीत अल्जिब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस हा रस्ता सरळ आहे. उन्हाळ्यात ऑनलाइन अल्जिब्रा २ उरकून एक पायरी उडी मारण्याचा जो बेत आपण लिहिला आहे तो मला पसंत नाही. सहा आठवड्यांत घाईने झालेले बीजगणित पुढे प्रीकॅल्क्युलसमध्ये लॉगॅरिदमपाशी पायाखालून सरकते. दर ऑक्टोबरात असे दोघे-तिघे माझ्या खोलीत येत. दहावीत एक एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीचा, विषय, बहुधा वर्ल्ड हिस्टरी, पुरेसा आहे.

नोंदींचे एक काम आत्ता करायचे आहे, तिने स्वतः. साधी वही घ्यावी. प्रत्येक उपक्रमाला एक पान, आणि पानावर एवढेच: कधीपासून, आठवड्याला किती तास, काय बदलले, काय फसले, कोणाबरोबर. ‘काय फसले’ ही ओळ वगळू देऊ नका. बारावीच्या ऑगस्टात निबंध लिहायला बसलेल्या मुलाला नववीतले काही म्हणता काही आठवत नाही. माझ्यासमोर एकदा एक मुलगा अकरा क्लबांची यादी घेऊन बसला होता. तुला या वर्षात कोणत्या दिवशी वेळेचे भान राहिले नाही, असे विचारल्यावर त्याने यादीत नसलेलीच गोष्ट सांगितली. बँडच्या खोलीतल्या मोडक्या क्लॅरिनेटांच्या कळांखालचे फाटके पॅड तो जेवणाच्या सुट्टीत बदलत असे, आणि त्याने चार वाद्ये पुन्हा वाजती केली होती. उपक्रम म्हणून ते लिहायचे असते हेच त्याला ठाऊक नव्हते. कॉमन अ‍ॅपमध्ये पगारी नोकरीला आणि कौटुंबिक जबाबदाऱ्यांनाही स्वतंत्र प्रकार आहेत. आपल्याकडे सहा महिने आजी येऊन राहिल्या होत्या आणि त्यांच्या डॉक्टरांकडच्या भेटींत दुभाष्याचे काम मुलगीच करीत होती, असे आपण लिहिले आहे. त्यालाही वहीत एक पान द्या.

पाच क्लबांतून काय सोडायचे हे आपण ठरवू नका. वही भरून झाल्यावर तिला विचारा की सप्टेंबरात यांतल्या कोणत्या क्लबला, एकही मैत्रीण येणार नसती तरी, ती गेली असती. ज्या एक-दोन क्लबांची नावे ती पटकन सांगेल ते ठेवायचे. बाकीच्या क्लबांच्या मार्गदर्शक शिक्षकांना तिने स्वतः चार ओळींचे आभाराचे पत्र पाठवून निरोप घ्यावा. न सांगता गैरहजर राहण्याची सवय इथे फार आहे, आणि तेच शिक्षक उद्या तिच्या वर्गावर येतात. क्लबांच्याही आधी ती मराठी शाळेचे नाव घेईल असे मला वाटते, पण तिने घेतले नाही तर माझे वरचे सगळे बोलणे बाजूला ठेवा आणि तिचे ऐका.

तिने क्रॉस-कंट्री ठेवले तर एक व्यवहाराची गोष्ट राहते. सराव ऑगस्टात सुरू होतो, आणि पहिल्या दिवसापूर्वीच्या ३६५ दिवसांत झालेली वैद्यकीय तपासणी ग्राह्य धरतात. तिची तपासणी गेल्या वर्षी जुलैत झाली असेल तर ती चालणार नाही. शाळेच्या डॉक्टरांना अर्ज पाहून मंजुरी द्यायला वेळ लागतो आणि जुलैअखेर बालरोगतज्ज्ञांकडे वेळ मिळता मिळत नाही. तेव्हा फोन याच आठवड्यात करा, आणि अर्जातला विद्यार्थ्याने भरायचा भाग तिलाच भरू द्या.